माझ्या पाठीवर लिहिलं आहे

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. वीट म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढं लाल रंग आला असेल, तर आधी तेवढं दुरुस्त करून घेते. मी लाल नाही. मी पिवळसर पांढरी आहे, भट्टीची वीट, म्हणजे भट्टीला आतून लावतात ती. लाल विटांबद्दल मला आदर आहे. त्या घरं उभी करतात, ऊनपाऊस सोसतात. पण त्यांना रोज जाळासमोर बसवा, वर्षभरात तडकतील. आमची मातीच निराळी असते. आम्हाला इतक्या कडक आचेत भाजतात, की नंतर साध्या लाकडाची आग आम्हाला गुदगुल्या केल्यासारखी वाटते. या गोष्टीचा मला एके काळी फार तोरा होता. आता तो राहिलेला नाही, पण होता हे कबूल करते. खोटं कशाला बोलू? खोट्यापायीच तर माझी ही गत झाली.

आणखी एक सांगते. मोठ्या माणसांना अहो-जाहो करावं हे मला कळतं. मीही पूर्वी करायचे. पण या गोष्टीतल्या दोन मोठ्या माणसांना मी आता एकेरीतच बोलणार आहे. का, ते तुम्हाला पुढं कळेलच.

आमची गाडी एका बैठ्या घराच्या अंगणात रिकामी झाली, तेव्हा थंडी सुरू व्हायला दोन महिने होते. आम्ही भट्टीच्या विटा साठ, लाल विटा तीनशेच्या वर, मातीचे चार जाड नळ, वाळू आणि सिमेंट. घरात माणसं तीन. नाना, म्हणजे घराचा मालक. एकतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसून नुकताच निवृत्त झालेला. त्याची बायको, जिला सगळे आई म्हणायचे. ती घरीच शिवणकाम करायची, शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिचं मशीन दिवसभर चालू असायचं. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, ताई. ती एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची.

नानाला अंगणात एक पक्की शेकोटी हवी होती. म्हणजे विटांची, पाठीमागं भिंत असलेली आणि वर धुराडं असलेली. संध्याकाळी घोंगडी पांघरून तिच्यासमोर बसायचं, चार मित्र बोलवायचे आणि गप्पा हाणायच्या, एवढंच त्याचं स्वप्न. "आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं शिक्के मारून पाठवली, आता जरा आपली ऊब घेतो," असं तो म्हणायचा. मला तेव्हा तो फार गोड माणूस वाटला होता.

नकाशा अर्थातच ताईनं काढायचा होता. मित्रांनो, मी एका जागी पडून बरंच जग पाहिलं आहे, पण कामात एवढी चिकाटीची मुलगी पाहिली नाही. पहिल्या दिवशी तिनं अंगणात एक काठी रोवली आणि तिच्या टोकाला आईकडची कापडाची चिंधी बांधली. सात दिवस सकाळ-संध्याकाळ ती चिंधी कुठं उडते ते वहीत लिहून ठेवलं. वारा कुठून येतो हे कळल्याशिवाय धुराडं कुठं बसवायचं ते ठरत नाही, असं तिचं म्हणणं. मग फीत घेऊन घराच्या भिंतीपासून, झाडाच्या फांद्यांपासून, शेजारच्या कुंपणापासून अंतरं मोजली. खाली पाण्याचा नळ तर नाही ना, म्हणून खणून पाहिलं. शेजारच्या काकूंना जाऊन विचारलं, "काकू, धूर तुमच्या खिडकीकडं आला तर चालेल का?" काकू म्हणाल्या, "चालेल का काय विचारतेस? मी बादली घेऊन येईन!" तेवढ्यावरून तिनं जागा आणखी तीन फूट सरकवली.

नाना वैतागायचा. "अगं, शेकोटी करतोय की धरण बांधतोय?"

"नाना, आग आहे ती. तिला आपण आवडतो का नाही हे तिला कुठं ठाऊक असतं?"

शेवटी कागद तयार झाला. खाली काँक्रीटचा पाया, आजूबाजूला खडी, वाळलेलं गवत कुठंही नाही. आतली भिंत आमची, भट्टीच्या विटांची. बाहेरची भिंत लाल विटांची. दोन्हींच्या मध्ये अडीच इंच मोकळी जागा, आतली आच बाहेर पोहोचू नये म्हणून. आग जिथं जळते तिथून वर निमुळता होत जाणारा गळा, त्यावर मातीचे नळ, आणि टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी. बाजूला वाळूची बादली आणि राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा. कागदाच्या कोपऱ्यात तिनं लाल पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारली: लाकूड कुठंही आतल्या विटेला टेकता कामा नये. बांधकाम कचेरीतले साहेब येऊन पाहून गेले आणि शिक्का मारून "असं काम हवं" म्हणाले. नानानं ते साऱ्या गल्लीला सांगितलं.

बांधायला आला मिस्त्री. नानाचा जुना दोस्त. त्याच्या खिशात कायम ओळंबा असायचा, दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन, भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं. जेवतानासुद्धा तो खिशातून काढून चाळवत बसायचा, म्हणून लोक त्याला ओळंबे म्हणायचे. काय त्याचे हात होते! एकेक वीट हातात घेऊन तो बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. मला वाजवलं तेव्हा म्हणाला, "ही खणखणीत आहे. हिला मोक्याच्या जागी लावू." मित्रांनो, मी त्या वाक्यावर भाळले. कुणी आपली पारख केली की आपण त्याच्यावर जीव टाकतोच.

आता त्या फळीचं सांगते.

टपाल कचेरीचं जुनं लाकडी सामान मोडीत निघालं, तेव्हा नानानं आपल्या खिडकीतली फळी मागून घरी आणली होती. जाडजूड, सोळा इंच रुंद, तिच्यावर शाईचे डाग, लाखेचे थेंब, आणि दोन ठिकाणी कोपरांनी घासून गुळगुळीत झालेले खळगे. एकतीस वर्षं त्याची कोपरं तिथं टेकलेली. ती फळी त्याला शेकोटीच्या छातीवर बसवायची होती, वर कंदील आणि चहाचे कप ठेवायला. ताईला बापाचं मन मोडायचं नव्हतं. तिनं नकाशात फळी घातली, पण कशी? उभी चिरून नऊ इंचांची करायची, लाल भिंतीच्या बाहेरच लोखंडी घोड्यांवर, म्हणजे भिंतीत ठोकलेल्या आधारांवर टेकवायची, आत एक सूतही न्यायची नाही.

"चिरायची?" नानाचा चेहरा पडला.

"नाना, सोळा इंच बाहेर आली तर बसणाऱ्याच्या डोक्याला लागेल. आणि आत तर घालताच येणार नाही. बाहेरचे नऊ इंच ठेवू. तुमचे खळगे पुढच्या बाजूलाच आहेत, ते राहतील."

"बरं, बरं. तू म्हणशील तसं." नाना म्हणाला. शब्द दिला. मी तिथंच ढिगात होते, माझ्यासमोर दिला.

काम निम्म्यावर आलं आणि ताईला कचेरीच्या कामासाठी आठ दिवस बाहेरगावी जावं लागलं. जाताना तिनं नकाशाची एक प्रत मिस्त्रीच्या हातात दिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे." मिस्त्रीनं ओळंबा खिशात टाकला आणि मान हलवली.

तिसऱ्या दिवशी फळीची पातळी आली. मिस्त्रीनं करवत काढली, फळीवर पेन्सिलीनं रेघ मारली. नाना समोर उभा होता. पहिला घास करवतीनं घेतला नाही तोच तो ओरडला, "थांब, थांब!" त्यानं फळीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मागच्या बाजूलाच मी रोज सकाळी तारखेचा शिक्का ठेवायचो रे. बघ, अजून वर्तुळ उमटलंय."

"मग काय करायचं?"

"नऊ इंच बाहेर ठेव. जास्तीचं आत ढकल."

"आत मोकळी जागा आहे, नाना. ती लाकडानं भरली तर फळी आतल्या विटेला जाऊन टेकेल. ताईनं लाल रेघ मारलीय बघा."

"तिला कुठं दिसणार आहे? घोडे खालून लाव, म्हणजे नकाशासारखंच दिसेल."

"मला पटत नाही."

"घर माझं आहे की तिचं? आणि एवढ्या जाड लाकडाला काय होतंय? तुझी भट्टीची वीट आहे ना मध्ये!"

मिस्त्रीनं करवत खाली ठेवली. आणि त्यानं ऐकलं. लाल भिंतीतून सात इंच फळी आत गेली, आणि तिच्या शेपटाशी, आगीच्या गळ्याला लागून, त्यानं एक खणखणीत वीट बसवली. तीच मी. एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला लाकूड, आणि मध्ये मी एकटी.

बसवण्याआधी मात्र त्यानं एक केलं. त्याच्या उस्तादानं त्याला एक रीत शिकवली होती. जिथं नकाशा सोडून काम केलं, तिथल्या एका विटेच्या पाठीवर काय केलं ते खिळ्यानं कोरून ठेवायचं. पुढं कधी कुणी ते काम खोललं, तर त्याला अंधारात चाचपडावं लागू नये. आणि अशी लिहिलेली वीट कधी फोडायची नाही. नाना चहा घ्यायला आत गेला, तेव्हा मिस्त्रीनं मला मांडीवर पालथी घेतली आणि खिळा काढला. तोंडानं पुटपुटत लिहीत होता: "फळी कापली नाही. सात इंच आत घातली. मालकांच्या शब्दावर." मग थोडा थांबला आणि चौथी एक ओळ लिहिली, ती मात्र तोंडातून न काढता. मला माझी पाठ दिसत नाही, मित्रांनो. खिळा फिरलेला कळला, काय लिहिलं ते कळलं नाही.

ताई परत आली. फीत लावली. बाहेर नऊ इंच, खाली घोडे, सगळं कागदाबरहुकूम. तिनं धुराड्यात वाकून पाहिलं, जाळी तपासली, आणि नकाशाच्या खाली सही केली. त्या वेळी नाना आणि मिस्त्री एकमेकांकडं बघत नव्हते. एवढ्यावरूनही तिनं ओळखायला हवं होतं, पण आपल्याच माणसांचे चेहरे कोण तपासतं?

पहिले आठ दिवस तिनं आम्हाला लहान लहान जाळावर वाळवलं. ओल हळूहळू जायला हवी, घाई केली की तडा जातो. मग खरी शेकोटी सुरू झाली. मी नाकारणार नाही, ती वर्षं सुखाची होती. नानाचे मित्र यायचे, एकच जुना किस्सा दहांदा सांगून हसायचे. आई फळीखाली बसून गणवेशांची खालची शिलाई उसवायची, दुमडायची. काकू बादली न घेता यायच्या. ज्यानं त्यानं विचारावं, "धूर डोळ्यांत कसा जात नाही हो?" आणि नानानं छाती फुगवून म्हणावं, "माझ्या मुलीचा नकाशा आहे."

आत काय चाललं होतं ते फक्त मला माहीत होतं. रोज संध्याकाळी मी तापायचे आणि माझी पाठ फळीला भाजायची. सुरुवातीला तिचा डिंकाचा आणि लाखेचा वास यायचा. पुढच्या थंडीत करपट वास येऊ लागला. त्याच्या पुढच्या थंडीत ती तपकिरीची काळी झाली. जाड लाकूड एकदम पेटत नाही, मित्रांनो. ते वर्षानुवर्षं आतल्या आत कोळसा होत राहतं आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. मी काय करणार होते? सरकता येत नाही, ओरडता येत नाही. माझं काम गरम होणं, आणि मी गरम झाले की तिचा घात. ज्या हातांनी मला "मोक्याची" म्हटलं, त्यांनीच मला या पेचात कोंबलं होतं. मला त्याचा संताप यायचा. तो अजूनही गेलेला नाही.

चौथ्या थंडीत एका संध्याकाळी, उजेड असतानाच, फळीनं आतून पेट घेतला. आधी नुसता धूर. नाना म्हणाला, "लाकूड ओलं असेल." आणि दुसऱ्या क्षणी फळीचा मागचा भाग कोसळला, पुढचा भाग घोड्यांवरून घसरून थेट नानाच्या मांडीवर आला, जळता. त्याच्या पायांवरची घोंगडी पेटली. मित्र खुर्च्या टाकून पळाले. नाना नुसता बघत राहिला. आई उठली आणि ती पेटलेली घोंगडी तिनं उजव्या हातानं ओढून काढली, उघड्या हातानं. ताई वाळूची बादली घेऊन धावली. ती बादली तिनंच नकाशात घातली होती.

नानाच्या पायाला दोन फोड आले. आईचा हात मात्र कायमचा गेला. म्हणजे हात आहे, पण त्याची तीन बोटं वळत नाहीत. मशीनवर कापड घातलं गेलं ते आजतागायत.

त्याच संध्याकाळी शेजारपाजारची माणसं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "असं कसं झालं हो?" आणि नाना म्हणाला, "काय माहीत. नकाशात काहीतरी चुकलं असणार."

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघालं, असं मी तेव्हा स्वतःची समजूत घालून घेतली. दुसऱ्या दिवशी खरं सांगेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मिस्त्रीला बोलावलं आणि ताई दवाखान्यात आईजवळ असताना अख्खं धुराडं उतरवायला लावलं.

तिसऱ्या दिवशी ताई घरी आली तो अंगणात नुसता विटांचा ढीग. चेहरा ओढलेला, कपड्यांना औषधांचा वास. तिनं विचारलं, "काका, खोलल्यावर आत काय दिसलं?"

मिस्त्रीच्या हातात ओळंबा होता. तो त्याकडं बघत म्हणाला, "सगळं काळं झालं होतं. काही कळत नव्हतं."

मी त्याच्या पायाशी होते, मित्रांनो! वीतभर अंतरावर. त्यानंच मला भिंतीतून अलगद सोडवलं होतं, पाठीवरून अंगठा फिरवला होता, अक्षरं वाचली होती आणि मला पालथी ठेवली होती. आणि आता मूग गिळून उभा होता.

"गळा अरुंद पडला असेल," नाना म्हणाला. "आकडे तुझेच होते ना?"

ताई म्हणाली, "हो. माझेच होते."

तिनं भांडायला हवं होतं. पण तिनं ते खरं मानलं. बाप खोटं बोलेल आणि काका गप्प राहतील, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आईच्या हाताकडं बघितलं की तिला आपले आकडे आठवायचे. कचेरीत जाऊन तिनं सांगून टाकलं, की मला नवे नकाशे देऊ नका, मी दुसऱ्यांचे नुसते उतरवून देईन. जिच्या कामावर साहेब खूश व्हायचे ती मुलगी कोपऱ्यात बसून रेघांवर रेघा गिरवू लागली.

आणि माझं काय झालं म्हणता? लाल विटा कुणी कुणी नेल्या. माझ्या बहिणींचा भुगा झाला. मला मात्र मिस्त्रीनं फोडलं नाही, उस्तादाची शिकवण ना! स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पाण्याचा नळ होता. तिथं चिखल व्हायचा, म्हणून पाय ठेवायला त्यानं मला नळाखाली बसवलं. अक्षरं खाली, मातीत. मालकाच्या शब्दावर केलेलं काम मालकाच्याच दाराशी गाडून टाकलं. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली. ज्या माणसानं आयुष्यात एक वीट वाकडी लावली नाही, त्यानं मला सपाट बसवलंच नाही. मी डुगडुगत होते.

तीन वर्षं मी तिथं पडून होते. रोज माझ्यावर पाय पडायचे. नानाचे पडायचे, आईचे पडायचे. ताई संध्याकाळी पाणी भरायला यायची तेव्हा मी तिच्या पायाखाली डुगडुगायचे. तेवढंच मला करता येत होतं, म्हणून मी ते मन लावून करायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला घरातलं ऐकू यायचं. जेवणं झाली की ताई जुनी वही काढायची आणि गळ्याचं गणित पुन्हा मांडायची. रुंदी, खोली, धुराड्याची उंची. उत्तर बरोबर यायचं. ती म्हणायची, "पुन्हा बरोबरच येतंय. म्हणजे चूक कुठंय तेच मला दिसत नाही. मला येतच नाही हे काम." आई म्हणायची, "नको गं बाळा, झोप आता." आणि नाना? नाना त्याच खोलीत बसलेला असायचा. पेपर वाचत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी तीन वर्षं खाल्ला. तिला हवं असलेलं उत्तर माझ्या पाठीवर होतं आणि माझी पाठ चिखलात होती.

"ही वीट हलते," ताई अधूनमधून म्हणायची. "उद्या नीट बसवते."

एका सकाळी आई नळावरून भरलेली कळशी डाव्या हातात घेऊन वळली आणि मी डुगडुगले. तिचा तोल गेला. पडली नाही, दाराला धरलं, पण कळशी आदळली. ताई आतून धावत आली. आईचा तो उजवा हात दारावर टेकलेला बघून ती पांढरीफटक पडली. आणि मग सगळा राग माझ्यावर. "बस्स झालं उद्या-उद्या!" ती खुरपं घेऊन आली, माझ्या कडेला घातलं आणि मला उचकटून काढलं.

मी पुन्हा सपाट बसावी म्हणून तिनं माझी चिखलाची बाजू नळाखाली धरली. पाणी पडलं. चिखल गेला. खिळ्याच्या रेघांमध्ये त्या जळालेल्या फळीचा कोळसा इतका घट्ट बसला होता, की अक्षरं शाईनं लिहिल्यासारखी काळी दिसत होती.

ती तिथंच उकिडवी बसली. मोठ्यानं वाचलं, शाळेतलं मूल वाचतं तसं. "फळी कापली नाही. सात इंच आत घातली. मालकांच्या शब्दावर." मग अंगठ्यानं उरलासुरला चिखल पुसला. चौथी ओळ तिला दोनदा वाचावी लागली, आणि मित्रांनो, माझ्या पाठीवर काय आहे ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"नकाशा बरोबर आहे."

नळ तसाच वाहत होता. आईनं तो बंद केला. मग तिनं वाकून तिच्या न वळणाऱ्या बोटांनी ती ओळ चाचपली. नाना आवाज ऐकून दारात आला होता. ताईच्या हातात मला बघितलं आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?" ताईनं विचारलं.

मग आई बोलली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"माझ्या हाताचं सोडा. त्याचं मला काही वाटत नाही, तुमच्यासाठीच गेला तो. पण त्या फळीवर करवत चालवायला तुमचा जीव झाला नाही. पोरीवर बरी चालवलीत, तीन वर्षं."

नाना उंबऱ्यावर बसला. तो रडला. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. आईनंच निरोप धाडला होता. तो अंगणात उभा राहिला, आत यायला धजेना. ताई मला घेऊन बाहेर आली. मला बघून तो म्हणाला, "मला वाटलं होतं तू लवकर उचलशील. मुद्दामच हलती ठेवली होती."

"काका," ती म्हणाली, "वीट हलती ठेवायला हिंमत झाली. तोंड उघडायला नाही झाली?"

त्यानं ओळंबा खिशातून काढला, चाळवला, परत ठेवला. ती आत निघून आली.

मी आता ताईच्या मेजावर असते, अक्षरं वर करून. तिनं पुन्हा नवे नकाशे घ्यायला सुरुवात केली आहे. कागदाचा कोपरा उडू नये म्हणून ती मला त्यावर ठेवते. अजून ती प्रत्येक आकडा चार-चारदा तपासते, आधी दोनदा तपासायची. नानाशी ती बोलते, जेवायला हाक मारते, औषधं देते. पण "माझे नाना" असं पूर्वी म्हणायची, तसं मी पुन्हा ऐकलेलं नाही. नाना या खोलीत येतो तेव्हा मेजाच्या दुसऱ्या बाजूनं जातो.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी अशी शेकोटी बांधाल, तर वारा बघा, अंतरं मोजा, जाळी लावा, वाळूची बादली भरून ठेवा, आणि लाकडाला आगीच्या विटेपासून दूर ठेवा, मग ते लाकूड कितीही लाडकं असो. पायाखाली एखादी वीट हलत असेल तर उद्यावर टाकू नका, आजच उलटून बघा. आणि तुमच्याकडून कधी चूक झाली, नि तिचा बोल दुसऱ्याला लागत असेल, तर तेवढं सांगून टाका. मला तर ते चिखलात पडून, पाठीवरच्या चार ओळींनी, तीन वर्षांनी सांगता आलं. त्या दोघांना तोंड होतं. मला असतं, तर मी त्याच संध्याकाळी बोलले असते.